एका टॅकवर बोट पळते आणि दुसऱ्यावर अडते, तेव्हा नेमकं कुठे बघायचं

एका टॅकवर ६ नॉट आणि दुसऱ्यावर जेमतेम साडेपाच, एकीकडे सुकाणू दोन बोटांनी धरता येतंय आणि दुसरीकडे टिलर, म्हणजे सुकाणूचा दांडा, हातातून ओढून नेतंय, आणि वारा तोच, शिडं तीच, माणसंही तीच. शिडाची बोट चालवणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला हे कधी ना कधी दिसतं, आणि मग होतं काय तर कुणीतरी पाना काढतं आणि डोलकाठीच्या तारा पिळायला लागतं. तेवढं लगेच करू नका, हे सगळ्यात आधी सांगतोय. कारण बहुतेक वेळा दुखणं तारांमध्ये नसतंच, आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असा प्रकार होतो, आणि वर एक चांगली जुळवलेली रिग, म्हणजे डोलकाठी आणि तिच्या तारांची मांडणी, बिघडून बसते ती वेगळीच.

शिडाच्या बोटीला वाऱ्याच्या थेट तोंडात जाता येत नाही, त्यामुळे वाऱ्याकडे वर जायचं तर नागमोडी जावं लागतं, एकदा वारा उजव्या अंगावर घेऊन म्हणजे स्टारबोर्ड टॅक, आणि एकदा डाव्या अंगावर घेऊन म्हणजे पोर्ट टॅक. बोट डावीउजवीकडे हुबेहूब सारखी असेल, वारा खालपासून वरपर्यंत एकाच दिशेने येत असेल आणि पाणी शांत असेल तर दोन्हीकडे वेग आणि कोन सारखाच यायला हवा. फरक पडतोय म्हणजे यातलं काहीतरी तसं नाहीये, नाहीतर आपण मोजतोय ते चुकतंय, नाहीतर चालवणारा दोन्हीकडे सारखा चालवत नाहीये. म्हणजे बघायच्या जागा पाचच: वारा, पाणी, मोजमाप, माणूस आणि बोट. बोट मुद्दाम शेवटी ठेवलीये, कारण पहिल्या चार गोष्टी तपासायला वही, पेन्सिल आणि थोडा वेळ एवढंच लागतं आणि त्यात काही बिघडवता येत नाही.

शब्दांचं एक सांगून ठेवतो कारण मराठीत इथे हमखास गोंधळ होतो, शीड म्हणजे कापड आणि शीट म्हणजे त्या शिडाला आवरून धरणारी दोरी. खाली दोन्ही शब्द बरेच येणार आहेत.

आणि काही बोटींना हा फरक जन्मापासूनच असतो. लग किंवा लॅटीन पद्धतीचं शीड, म्हणजे ज्यात तिरकी काठी डोलकाठीच्या एका बाजूला लटकते, ते एका टॅकवर मोकळं फुगतं आणि दुसऱ्या टॅकवर डोलकाठीवर दाबलं जाऊन त्याला मधोमध घडी पडते. याला बॅड टॅकच म्हणतात. स्प्रिटच्या शिडातही काठी एका बाजूने कापडावर रुतते. अशी बोट असेल तर काही बिघडलेलं नाहीये, तो त्या शिडाचा स्वभाव आहे, दुसऱ्या टॅकवर थोडं कमी वर चढायचं आणि पुढे जायचं.

फरक खरंच आहे का ते आधी बघा

एक फेरी इकडे, एक फेरी तिकडे आणि "पोर्टला आपली बोट चालतच नाही" असा निकाल, हे सुतावरून स्वर्ग गाठणं झालं. यात एक सापळा आहे जो लवकर लक्षात येत नाही. आपण टॅक बदलतो कधी? वारा नाकाकडे म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाकडे सरकला, बोट खाली म्हणजे वाऱ्यापासून लांब ढकलली जायला लागली, कोन बिघडला की बदलतो. आता वाऱ्याचं तेच सरकणं नव्या टॅकला फायद्याचं असतं, म्हणजे जुन्या टॅकची शेवटची पाच मिनिटं वाईट आणि नव्याची पहिली पाच मिनिटं झकास, आणि डोक्यात राहतं ते एवढंच. दिवसभरात जो टॅक योगायोगाने जास्त वेळा "नवा" ठरला तो आपल्याला चांगला वाटायला लागतो.

दुसरा सापळा नियमाचा आहे. समुद्रातल्या टकरी टाळायच्या १९७२ च्या आंतरराष्ट्रीय नियमांतला १२ वा नियम सांगतो की दोन शिडाच्या बोटींना वेगवेगळ्या बाजूंनी वारा असेल तर पोर्ट टॅकवालीने दुसरीला वाट द्यायची. त्यामुळे गर्दीच्या पाण्यात पोर्टवर असताना माणूस सारखा शिडाखालून वाकून बघत असतो, जरा जास्त सावध असतो, मध्येच सुकाणू हलवतो, आणि स्टारबोर्डवर त्या मानाने जरा मोकळा असतो. नुसत्या एवढ्याने वेगात फरक पडतो.

म्हणून चाचणी नीट करायची. मोकळं पाणी बघा, किनाऱ्यापासून लांब, कारण किनारा वाऱ्याला वळवतो, वारा ८ ते १२ नॉटच्या आसपास आणि शक्यतो एकसारखा असला की बरं. भरती-ओहोटीचं पाणी असेल तर दोन्हींच्या मधली ती थोडी शांत वेळ पकडा, आणि उधाणाच्या दिवसांपेक्षा भांगाचे दिवस घ्या कारण तेव्हा करंट, म्हणजे पाण्याचा प्रवाह, कमी असतो. शीट्सवर टेपने किंवा मार्करने खुणा करा म्हणजे दोन्हीकडे दोरी तेवढीच ओढलेली असेल, आणि माणसं आरशात बघितल्यासारखी बसवा, एकीकडे तिघं कडेला बसलीत तर दुसरीकडेही तिघंच, त्याच जागी. टॅक घेतल्यावर पहिला दीड मिनिट काहीच लिहायचं नाही, बोटीला वेग पकडू द्या, मग ३ मिनिटं दर ३० सेकंदांनी आकडे: होकायंत्र, लॉगचा (पाण्यातला) वेग, जीपीएसचा वेग, वाऱ्याचा कोन, बोट किती अंश कललीये, सुकाणू किती अंश वळलंय. अशा निदान ४ जोड्या करा. कुणाला वाट द्यावी लागली तर ती फेरी सरळ खोडून टाका.

मग घरी बसून प्रत्येक जोडीत पोर्ट वजा स्टारबोर्ड करा. समजा वेगाचा फरक उणे ०.३, अधिक ०.२, उणे ०.१, अधिक ०.३ असा आला तर हा वारा खेळतोय, बोटीला काही झालेलं नाही. उणे ०.४, उणे ०.५, उणे ०.३, उणे ०.४ असा एकाच बाजूला आला तर मात्र काहीतरी कायमचं आहे. आणि खरी परीक्षा म्हणजे हेच सगळं दुसऱ्या दिवशी करायचं, जेव्हा वारा वेगळ्या दिशेचा असेल आणि पाणी उलटं वाहत असेल. वारा बदलला, पाणी बदललं, आणि तरी तोच टॅक वाईट, तर मग बोटीकडे किंवा माणसाकडे बोट दाखवायला हरकत नाही.

पाणी: लॉग आणि जीपीएस एकत्र वाचा

लॉग म्हणजे बोटीच्या तळाला असलेलं ते छोटं चाक, ते पाण्यातला वेग दाखवतं, आणि जीपीएस जमिनीच्या हिशोबाने वेग दाखवतो. हे दोन आकडे शेजारी ठेवले की निम्मं निदान तिथेच होतं. लॉग दोन्ही टॅकवर सारखा आणि जीपीएस वेगळा असेल तर तो करंट. लॉग वेगळा आणि जीपीएस सारखा असेल तर बहुतेक लॉगच चुकतोय. दोन्ही एकाच बाजूला वेगळे असतील तर बोट खरोखर वेगळी चालतीये, मग लाटा, वरचा वारा, माणूस किंवा बोट यातलं काहीतरी.

करंट किती फसवतो ते आकड्यात सांगतो. बोटीला लागणारा वारा उत्तरेकडून आहे असं धरा, बोट पाण्यात ५ नॉटने वाऱ्याशी ४५ अंशात चाललीये, आणि पाणी १ नॉटने पूर्वेकडे वाहतंय. स्टारबोर्ड टॅकवर बोट वायव्येकडे जाते, जीपीएस दाखवतो ४.४ नॉट आणि वाऱ्याशी कोन ३६ अंश. पोर्ट टॅकवर ईशान्येकडे, तेव्हा ५.८ नॉट आणि कोन ५२ अंश. बघणाऱ्याला वाटेल की स्टारबोर्डला बोट हळू पण काय वर चढतीये, आणि पोर्टला पळतीये पण खाली घसरतीये, चला जिब (पुढचं शीड) बदलू, चला तारा ताणू. प्रत्यक्षात दोन्हीकडे वाऱ्याकडची प्रगती तेवढीच आहे, ३.५ नॉट, आणि बोटीला स्वतःला काहीच फरक जाणवत नाहीये कारण सगळं पाणीच तिला घेऊन सरकतंय. इथे शिडाला हात लावायचं काहीच कारण नाही.

लाटांचं वेगळं आहे, तिथे फरक खरा असतो. वारा आत्ताचा असतो पण लाट बऱ्याचदा कालच्या वाऱ्याची असते, दोघांच्या दिशेत २०-३० अंशांचा फरक सहज असतो. मग एका टॅकवर लाट थेट नाकावर, प्रत्येक लाटेला बोट आपटते आणि थांबते, आणि दुसऱ्यावर लाट कडेने खालून निघून जाते. आपटणाऱ्या टॅकवर वर चढायचा हट्ट सोडायचा, ३-४ अंश खाली उतरायचं, शिडात थोडं जास्त पोट ठेवायचं, शीट किंचित सैल करायची म्हणजे वरचा भाग मोकळा होतो आणि सुकाणू धरणाऱ्याला थोडी चूक माफ होते. दुसऱ्या टॅकवर शिडं सपाट करा, ताणा आणि वर चढा. दोन टॅकना दोन वेगळे ट्रिम, म्हणजे शिडांची वेगवेगळी मांडणी, द्यायला मनाची तयारी लागते पण बोट लगेच सुटते.

वारा: वरचा आणि खालचा एकच नसतो

हा भाग मला सगळ्यात आवडतो आणि याच्याकडेच सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं. पाण्यालगत वारा घर्षणाने मंदावतो हे सगळ्यांना माहीत असतं, पण तो मंदावतो तेव्हा त्याची दिशाही बदलते. पृथ्वी फिरते त्याचा वाऱ्यावर जो परिणाम होतो तो वाऱ्याच्या वेगावर अवलंबून आहे, खाली वेग कमी म्हणून तो परिणामही कमी, त्यामुळे उत्तर गोलार्धात जसजसं वर जाल तसतसा वारा घड्याळाच्या काट्याच्या दिशेने वळत जातो, आणि दक्षिण गोलार्धात बरोबर उलट.

आता हे बोटीवर आणा. उत्तर गोलार्धात स्टारबोर्ड टॅकवर वारा उजवीकडून येतोय, डोलकाठीच्या टोकाला तो अजून उजवीकडे म्हणजे थोडा मागून येतो. वरच्या भागाला शीड जास्त उघडं हवं असतं, म्हणजे ट्विस्ट जास्त. पोर्ट टॅकवर वरचा वारा उलट नाकाकडे सरकलेला असतो, तिथे शीड वरपर्यंत बंद आणि सरळ हवं. एकच ट्रिम दोन्हीकडे ठेवलं तर एक टॅक हमखास चुकीचा चालतो.

ओळखायचं कसं, तर टेलटेल, म्हणजे शिडाला चिकटवलेले ते लोकरीचे धागे. जिबच्या पुढच्या कडेला वर, मध्ये आणि खाली असे तीन जोड असतात. हळूहळू वाऱ्याकडे वळा आणि वाऱ्याकडच्या बाजूचे धागे बघा. तिन्ही साधारण एकदम फडफडले तर बरोबर. वरचा आधी फडफडला तर वर शीड जास्त उघडलंय, खालचा आधी फडफडला तर वर जास्त बंद आहे. एका टॅकवर वरचा आधी आणि दुसऱ्यावर खालचा आधी असं दिसलं, आणि शीट्सच्या खुणा आणि जिबच्या कार, म्हणजे जिबची शीट ज्यातून जाते ते डेकवरच्या ट्रॅकवर सरकणारे ठोकळे, दोन्हीकडे सारख्या आहेत, तर हा बहुतेक वरचा वारा. जिथे वर जास्त बंद आहे तिथे जिबची कार मागे घ्या किंवा शीट थोडी सोडा, मेनसेलची, म्हणजे डोलकाठीमागच्या मोठ्या शिडाची, शीट सोडून ट्रॅव्हलर (ही शीट आडवी सरकवणारी पट्टी) वाऱ्याकडे ओढून घ्या म्हणजे बूम, मेनसेलखालची आडवी काठी, मध्येच राहतो पण वर ट्विस्ट मिळतो. जिथे वर उघडं आहे तिथे कार पुढे आणि शीट घट्ट.

हे सगळं हलक्या वाऱ्यात, थंड पाण्यावर गरम हवा असेल तेव्हा जोरात दिसतं, कारण हवेचे थर एकमेकांत मिसळत नाहीत. ऊन तापून झुळका यायला लागल्या की हवा घुसळली जाते आणि हा फरक बराच कमी होतो. म्हणून सकाळी जो टॅक वाईट होता तो दुपारी ठीक झाला तर बोटीला दोष देऊ नका. आसपासच्या जमिनीमुळे हे उलटंही होऊ शकतं, तेव्हा गोलार्धावर विसंबण्यापेक्षा धाग्यांवर विसंबा.

मोजमाप: यंत्रावर डोळे मिटून विश्वास नको

डोलकाठीच्या टोकावरचं वातकुक्कुट किंवा इलेक्ट्रॉनिक वाऱ्याचं यंत्र दोन-चार अंश वाकडं बसलेलं असणं ही अगदी रोजची गोष्ट आहे. ते वाकडं असलं की तुम्ही आकडा बघून एका टॅकवर फार वर चढता आणि दुसऱ्यावर फार खाली, म्हणजे यंत्र चुकतंय आणि बोट खरोखर वेगळी चालतीये, दोन्ही एकदम. पण फक्त दोन टॅकचे आकडे वेगळे आले म्हणून ते वाकडं ठरवू नका, कारण वरचा वारा खरंच फिरलेला असू शकतो, आत्ताच बघितलं ना. त्यासाठी एक साधी आणि पक्की चाचणी आहे: अजिबात वारा नसताना, शिडं खाली करून, इंजिनवर सरळ रेषेत चालवा. आता जो काही वारा लागतोय तो फक्त बोटीच्या चालण्याचा, तो बरोबर नाकावरूनच यायला हवा, यंत्र शून्यच दाखवायला हवं. ३ अंश उजवीकडे दाखवलं तर तेवढंच करेक्शन टाका. थोडीशी झुळूक असेल तर बरोबर उलट्या दिशेने पण चालवून बघा आणि सरासरी घ्या.

लॉगचं चाक बहुतेक बोटींत मध्यरेषेवर नसतं, कीलच्या, म्हणजे बोटीच्या तळाखालच्या जड पंखाच्या, पुढे थोडं एका बाजूला असतं. बोट कलली की एका टॅकवर ते खोल जातं आणि दुसऱ्यावर वर येतं, पाण्याचा प्रवाह दोन्हीकडे वेगळा मिळतो, आकडा वेगळा. काही यंत्रांमध्ये प्रत्येक टॅकसाठी वेगळं करेक्शन देता येतं, नसेल तर वहीत लिहून ठेवा.

होकायंत्राचं पण बघून घ्या, दोन टॅकमध्ये बोट साधारण ९० अंश फिरते आणि होकायंत्राची चूक प्रत्येक दिशेला वेगळी असते. जवळ ठेवलेला स्पीकर, हत्यारांची पेटी, खिशातला फोन, एवढ्याने पण काटा हलतो.

माणूस

सुकाणू धरणारा बदला. खरंच, सगळ्यात स्वस्त चाचणी ही आहे आणि सगळ्यात कमी केली जाते, कारण कुणाला वाईट वाटेल म्हणून कुणी सुचवत नाही. उजव्या हाताच्या माणसाला एका बाजूला बसल्यावर टिलर उजव्या हातात येतो आणि दुसऱ्या बाजूला डाव्या, आणि डाव्या हाताने माणूस जरा जास्त घट्ट धरतो, जास्त हलवतो. एका बाजूला ऊन डोळ्यात येतं आणि धागे दिसत नाहीत. एका बाजूला बसायची जागा नीट नाही, पाय टेकत नाही, मग मान वाकडी करून जिब बघायचा आणि नकळत बोट थोडी वर थोडी खाली.

चाचणी अशी करा, वेगाच्या डायलवर टेप लावून टाका आणि सुकाणूवाल्याला सांगा की फक्त धाग्यांवर चालव, आकडे दुसरा कुणीतरी लिहील. मग दुसऱ्या माणसाला द्या. पहिल्याचा पोर्ट वाईट आणि दुसऱ्याचा नाही, तर बोट सुटली. आणि एक गोष्ट करून बघाच, मोकळ्या पाण्यात, दुसरं कुणी नीट पहारा देत असताना, टिलर दोन बोटांत धरून दहा सेकंद डोळे मिटा. टिलर किती ओढतोय, थरथरतोय का, हे डोळे उघडे असताना कळत नाही तेवढं तेव्हा कळतं. मग टॅक बदलून परत. दोन्हीकडचं ओढणं वेगळं लागलं तर पुढचा भाग तुमच्यासाठी आहे.

आता बोट

आधी वजन. धक्क्याला बांधलेली असताना, सगळे उतरल्यावर, केबिनच्या फरशीवर आडवी पाणसळ ठेवा. फरशी स्वतः वाकडी असू शकते म्हणून बाहेरून पाण्याची रेषा पण दोन्ही बाजूंना बघा. पाण्याची टाकी, डिझेलची टाकी, बॅटऱ्या, जास्तीचा नांगर आणि साखळी, हे सगळं एकाच बाजूला साठत जातं आणि बोट १-२ अंश कललेली राहते, कुणाच्या लक्षातही येत नाही. कललेली बोट सरळ जात नाही, ज्या बाजूला कललीये त्याच्या विरुद्ध बाजूला वळायला बघते. सामान हलवा, परत चाचणी घ्या. बऱ्याच लोकांचा प्रश्न इथेच संपतो.

मग जिबचे ट्रॅक. इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा, पोर्ट टॅकवर जिबची शीट स्टारबोर्डच्या बाजूची कामाला असते, वाऱ्याआडची, म्हणजे पोर्ट टॅक वाईट असेल तर ट्रॅक उजव्या बाजूचा तपासायचा. आणि भोकं मोजून समाधान मानू नका. माझ्या एका बोटीवर दोन्हीकडे कार सातव्या भोकात होती, म्हणून मी निर्धास्त, आणि तरी पोर्टवर जिबचा वरचा धागा आधी फडफडायचा, वारा कुठलाही असो, सकाळ असो दुपार असो. शेवटी न ताणणारी फीत घेतली, एक टोक जिब जिथे डेकला अडकतो त्या पिनेला लावलं आणि दुसरं कारपर्यंत ओढलं, डावीकडे आणि उजवीकडे. उजवीकडे ३ सेंटिमीटर जास्त. ट्रॅक बसवतानाच एक मागे बसला होता, वर्षानुवर्षं तसाच, आणि सातवं भोक दोन्हीकडे सातवंच होतं. कार दोन भोकं पुढे घेतली आणि तो टॅक दुसऱ्या दिवसापासून सुधारला. तेव्हापासून मी कुठल्याही बोटीवर आधी फीत काढतो.

त्याच फितीने ट्रॅव्हलरचा मध्य, बूमचा सांधा डोलकाठीच्या मध्यावर आहे का, स्प्रेडर, म्हणजे तारांना डोलकाठीपासून लांब धरणाऱ्या आडव्या काठ्या, दोन्हीकडे सारखे लांब आणि सारखे मागे झुकलेत का, हेही बघून घ्या. आणि वाऱ्यात अडणाऱ्या गोष्टी, एका बाजूला लटकत राहिलेला फेंडर (बोट धक्क्याला घासू नये म्हणून लावतात ती उशी), शिडाच्या मागच्या कडेवर घासणारी दोरी, हे काढून टाका.

डोलकाठी सगळ्यात शेवटी असं लोकांना आवडत नाही, पण आता पाना काढायला हरकत नाही, फक्त आधी मोजून. बोट पाणसळीत आल्यावर मेनसेलची हॅलियर्ड, म्हणजे शीड वर ओढायची दोरी, तिच्या टोकाला स्टीलची फीत बांधून टोकापर्यंत वर पाठवा, आणि खालचं टोक दोन्ही बाजूंच्या श्राउडच्या, म्हणजे डोलकाठीला बाजूने धरणाऱ्या तारेच्या, डेकवरच्या पट्टीपर्यंत, सारख्याच ताणाने ओढून मोजा. फरक छोटा दिसतो पण छोटा नसतो. १२ मीटरची डोलकाठी आणि मध्यापासून दीड मीटरवर पट्ट्या असतील तर खाली २ सेंटिमीटरचा फरक म्हणजे वर टोक ८ सेंटिमीटर बाजूला गेलंय. टोक डावीकडे झुकलेलं असेल तर स्टारबोर्ड टॅकवर डोलकाठी आधीच वाऱ्याआड पडलेली असते, बोट जास्त कलते, सुकाणू जड होतं, आणि पोर्टवर नेमकं उलट, सगळं हलकं.

पहिल्यांदा वरच्या श्राउडने टोक मध्यावर आणा, मग खालच्या श्राउडने मधला भाग सरळ करा. मग शिडं चढवून बोट १५-२० अंश कलेल एवढ्या वाऱ्यात बाहेर काढा, गाल डोलकाठीला टेकवून मेनसेल जिथून वर सरकतं त्या खाचेतून वर बघा. एक डोळा मिटा. रेषा सरळ दिसते का, मध्ये पोट येतंय का, टोक खाली पडतंय का. टॅक बदला, परत तसंच बघा. दोन्हीकडे सारखंच वाकत असेल तर फार काळजी नाही, एकीकडे सरळ आणि एकीकडे इंग्रजी एससारखं दिसलं तर मात्र काम आहे. टर्नबकल, म्हणजे तार ताणायचा स्क्रू, फिरवायचा तो वाऱ्याआडच्या, सैल झालेल्या बाजूचाच, ताणलेला टर्नबकल फिरवला तर स्टेनलेसचे आटे एकमेकांत धरून बसतात आणि मग कापावाच लागतो. अर्धा फेरा, टॅक बदला, बघा, लिहा. एका वेळी एकच बदल, नाहीतर कशाने काय झालं कळणार नाही. पी हळद आणि हो गोरी असं इथे होत नाही, दोन-तीन वाऱ्यांत बघावं लागतं. झालं की पिना परत घालायला विसरू नका.

पाण्याखाली

वरचं सगळं करून पण तोच टॅक वाईट, आणि वाईट म्हणजे बोट बाजूला जास्त घसरते किंवा सुकाणू ५ अंश धरावं लागतं जिथे दुसऱ्या टॅकवर २ अंशात भागतं, तर कील आणि सुकाणू बघायची वेळ आली. बोट उचलण्याआधी एक चाचणी: वारा नाही, पाणी शांत, शिडं खाली, इंजिनवर वेग घ्या आणि मग न्यूट्रल करा, कारण पंखा फिरत असला की त्याचाच बाजूला ओढा असतो. टिलर मधोमध बांधा आणि बोट आपोआप कुठे वळते ते बघा. दरवेळी एकाच बाजूला वळली आणि बोट कललेली नाहीये, तर कील किंवा सुकाणू पिळलेलं असण्याची शक्यता आहे, किंवा टिलरचा मध्य म्हणजे सुकाणूचा मध्य नाहीये.

बोट बाहेर काढल्यावर जाड पुठ्ठा घ्या, कीलच्या एका बाजूच्या गोलाईवर बसेल असा साचा कापा, पुढच्या कडेपासून अंतर लिहून ठेवा, आणि तोच साचा उलटा करून दुसऱ्या बाजूला त्याच उंचीवर लावा. फट दिसली की समजलं. वर, मध्ये, खाली असे तीन साचे करा. कीलची मागची कड बोटांनी चाचपा, एका बाजूला गोल आणि एका बाजूला टोकदार असेल तर तेवढ्यानेही फरक पडतो. शेवाळ आणि शिंपले पण बघा, कायम एकाच दिशेला तोंड करून बांधलेल्या बोटीची उन्हाकडची बाजू शेवाळाने जास्त माखलेली असते. छोट्या बोटीत सेंटरबोर्ड, म्हणजे कीलच्या जागी असलेली वरखाली होणारी फळी, पेटीत सैल असतो आणि प्रत्येक टॅकवर वेगळ्या कोनात टेकतो, पेटीत दोन्ही बाजूंना सारख्या जाडीच्या पट्ट्या लावल्या की बसतो.

एवढं करून थोडा फरक राहिलाच, आणि बहुतेक बोटींत राहतो, तर त्याच्याशी भांडत बसायची गरज नाही. पोर्टच्या सेटिंगला लाल टेप आणि स्टारबोर्डच्या सेटिंगला हिरवी, शीट्सवर, ट्रॅव्हलरवर, जिबच्या ट्रॅकवर. टॅक घेतला की दोरी आपापल्या रंगापर्यंत ओढायची, मग धागे बघून बाकीचं.